ठेका आणि टाका

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मनमाड जंक्शन मागे पडले की नांदगाव येते. आज या स्थानकावर गाडी थांबली तरी बाहेरगावचा प्रवासी क्वचितच उतरतो. एकोणिसाव्या शतकात मात्र, मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा लोहमार्ग होण्यापूर्वी, वेरूळची लेणी पाहू इच्छिणारे पाहुणे नांदगावलाच उतरत आणि टांग्याने पुढची वाट धरत. मनमाड हे मोठे जंक्शनही नांदगाव तालुक्यातच मोडते, आणि शेजारच्या तालुक्यात येवल्याचे हातमाग आहेत. एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला माग अशा या टापूत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. जे संगीत या रुळांवरून आले आणि गेले, त्याचे काही मागे उरले का? आणि उरले असेल तर ते कशात?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इगतपुरी, भुसावळ यांसारख्या मोठ्या वसाहतींत इंग्रजी अमलात ‘इन्स्टिट्यूट’ नावाची एक वास्तू असे. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या हुद्द्यांवर पुष्कळ अँग्लो-इंडियन माणसे होती. त्यांच्या जोडीला गोव्याकडचे ख्रिस्ती कारकून, खानसामे आणि वादक. इन्स्टिट्यूटच्या सभागृहात नाताळात, नववर्षाच्या पूर्वसंध्येला आणि एरवीही नाच होत. एक पियानो, एखादे व्हायोलिन, ट्रम्पेट आणि ड्रमचा संच एवढ्या सामग्रीवर चार-पाच वादक रात्र जागवीत. मुंबई आणि कलकत्ता ही त्या काळातील पाश्चात्त्य नृत्यसंगीताची दोन मोठी केंद्रे. नागपूरमार्गे जा किंवा जबलपूरमार्गे, या दोन शहरांमध्ये आगगाडीने प्रवास करणाऱ्या प्रत्येक वादकाला नांदगाव ओलांडूनच जावे लागे. त्या लहान सभागृहांतील रात्रींचे ध्वनिमुद्रण कोण करणार? नाच संपला, दिवे मालवले, वाद्ये पेटीत गेली आणि संगीतही त्याच रात्री सरले.

हे संगीत म्हणजे मुख्यतः जॅझ. नाचगाण्याचा गोंगाट, असा त्याच्याविषयीचा समज आपल्या घरांतून दीर्घकाळ होता, आणि तो पुरता गेला आहे असेही नाही. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स या बंदरात, आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वंशजांनी ते घडवले. त्याची रीत आपल्याला अगदीच परकी वाटू नये. एक ओळखीची चाल घ्यायची, सर्वांनी मिळून ती एकदा वाजवायची, आणि मग त्याच चालीच्या चौकटीत एकेका वादकाने आयत्या वेळी सुचेल ते नवे रचायचे. कीर्तनकार तेच आख्यान प्रत्येक गावी निराळे रंगवतो, तसेच हे. ठेका सरळ चाललेला असतो. स्वर मात्र मात्रेच्या किंचित आधी किंवा किंचित नंतर पडतो आणि ऐकणाऱ्याला हुलकावणी देतो. यासाठी जागा लहान लागते. वादकांना एकमेकांचा श्वास ऐकू आला पाहिजे, आणि पहिल्या बाकावरच्या श्रोत्याने मान डोलावली तर ती त्यांना दिसली पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९३८ साली सुरू झालेले ‘मिंटन्स प्लेहाऊस’ हे असेच छोटे ठिकाण. जॅझला नवे वळण देणारे वादक तेथे रात्री उशिरा जमत आणि आपसांत वाजवीत.

आता आपल्या घरातल्या गोधडीकडे पाहावे. तिची चौकटही ठरलेली असते: खाली जुने लुगडे किंवा धोतर, वर चिंध्यांची ठिगळे, चारी बाजूंनी काठ आणि आरपार धावदोरा. या चौकटीत कोणता तुकडा कोठे बसवायचा हे मात्र बाई हातात येईल त्या कापडावरून जागच्या जागी ठरवते. लाल संपले तर हिरवे. हिरवे अपुरे पडले तर त्याला पिवळ्याची जोड. टाक्यांची रांगही मोजून मारलेली नसते. ती चालता चालता वळते, एखाद्या ठिगळापाशी दाट होते, पुढे विरळ होते. या आयाबायांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावायचे नाही, कारण ते धुण्यात आटते आणि जुने फाडते. प्रभूने हा दृष्टान्त दिला तेव्हा ऐकणाऱ्या पुरुषांपेक्षा त्यांच्या बायकांना तो लवकर कळला असेल, असे मला नेहमी वाटते.

शेजारच्या येवल्याची पैठणी ही याच्या अगदी दुसऱ्या टोकाची कला. तेथे नक्षीचा प्रत्येक धागा मोजून घ्यावा लागतो. नारळी काठ, आसावली, बांगडी मोर ही रूपे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पैठणी ही बांधलेली बंदिश, तर गोधडी ही आयत्या वेळी घेतलेली तान. पैठणीला राजाश्रय मिळाला, २०१० साली भौगोलिक मानांकनही लाभले. गोधडीला कोणी कला म्हटले नाही, आणि तिला शिवणाऱ्या बाईला कोणी कलावंत म्हटले नाही. इन्स्टिट्यूटच्या कोपऱ्यात वाजवणाऱ्या वादकाचेही तसेच झाले.

त्या वादकांची कथा थोडी सांगायला हवी, कारण ती आपल्याच समाजाची कथा आहे. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्डने पुढे कलकत्त्यात मुक्काम केला आणि १९४५ साली तेथेच पटकीने त्याचा अंत झाला. या पाहुण्यांकडून जॅझ उचलणारे बहुसंख्य वादक गोव्याचे कॅथलिक होते, आणि याला कारण होते. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, व्हायोलिन हाती देत, चर्चमधील गायनाची तालीम घेत. म्हणजे जो मुलगा लॅटिन मिस्सेसाठी सूर धरायला शिकला, तोच पुढे मुंबईच्या हॉटेलात फॉक्सट्रॉट वाजवू लागला.

आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यातला सर्वांत झगमगता तारा. ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो ओळखला जाई. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतील रात्री ओसरू लागल्या आणि यातले अनेक वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. १९५१ सालच्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांच्या चालींमागे चिक चॉकलेटची ट्रम्पेट आहे. १९६७ साली तो गेला. माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न मुंबईत केला. आज त्यांचे नाव लोकांना ठाऊक आहे ते १९७७ सालच्या एका हिंदी चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी त्या गाण्यातून गुरूला नमस्कार केला होता. सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या वाद्यवृंदरचनाकारांची नावे पडद्यावर ‘साहाय्यक’ म्हणून आली तर आली. वीर नरिमन रस्त्यावरील गेलॉर्ड, जवळच्याच अ‍ॅस्टोरियातील व्हेनिस अशा ठिकाणांतला जॅझचा बहरही विसाव्या शतकातच ओसरला. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक लिहून या लोकांना इतिहासात आणले नसते, तर पुढच्या पिढीला काहीच कळले नसते.

लुटोलीचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांनी रेखाटलेले गोव्याचे गिटारवाले आणि व्हायोलिनवाले आज उशांच्या अभ्र्यांवर आणि पिशव्यांवर छापलेले मिळतात. हे चित्रकाराचे ऋण मोठे आहे. तरीही कापडावर वादकाचे चित्र छापणे वेगळे, आणि कापडाने स्वतः ते संगीत शिकणे वेगळे. मला शोध होता तो दुसऱ्या प्रकारच्या कापडाचा.

अमेरिकेतही आरंभ छापील कापडानेच झाला. स्टेली सिल्क्स या रेशीम कंपनीने १९२५ ते १९२७ या काळात ‘अमेरिकाना’ नावाने छापील रेशमांची मालिका काढली. तीत जॉन हेल्ड या व्यंगचित्रकाराने केलेले ‘ऱ्हॅप्सडी’ नावाचे एक नक्षीकाम आहे: जॅझ वादकांच्याच आकृती ओळींनी मांडलेल्या. शहरी तरुणी त्या रेशमाचे झगे शिवून नाचायला जात. गंमत आहे, पण नुसती गंमतच. वादक तेथे नक्षीतले फूल झाला आहे.

खरे काम केले ते हार्लेममध्येच १९३० साली जन्मलेल्या फेथ रिंगोल्ड या चित्रकर्तीने. तिची आई विली पोझी कपडे बेतणारी आणि शिवणारी होती. खापरपणजीच्या पिढीतील एक बाई गुलाम म्हणून मालकाच्या घरच्या गोधड्या शिवत असे, हे घरात सांगितले जाई. १९७२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात रिंगोल्डने तिबेटी थांगका पाहिले: कापडावर रंगवलेले देवचित्र, भोवती किनखापाची चौकट, आणि गुंडाळून काखोटीला मारता येईल अशी सोय. तिने तैलचित्रांच्या जड चौकटी सोडून दिल्या. १९८० साली आई आणि मुलगी दोघींनी मिळून ‘हार्लेमचे प्रतिध्वनी’ या अर्थाच्या नावाची पहिली चित्रगोधडी शिवली. पुढच्याच वर्षी आई वारली. आपले आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा रिंगोल्डने कथा लिहिल्या त्या गोधड्यांवर. चित्राच्या कडेने, कापडाच्या पट्ट्यांवर, सुवाच्य अक्षरात. छापखान्याने नाकारलेले पुस्तक अंथरुणावर लिहिण्याची ही युक्ती मला फार आवडते.

तिच्या लहानपणी शेजारच्या इमारतींतून थोर जॅझ वादक राहत. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तर तिचा बालमित्र. १९८६ साली तिने ‘सॉनीची गोधडी’ केली, आणि त्याच वर्षी ‘ग्रूव्हिन हाय’ ही दुसरी. हे नाव डिझी गिलेस्पी याच्या एका प्रसिद्ध रचनेचे. चित्र आहे ते हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहातील नाचाचे. १९२६ साली उघडलेले हे नृत्यगृह १९५८ साली बंद झाले. गोऱ्यांना आणि काळ्यांना एकाच फरशीवर नाचू देणारे ते त्या काळातील मोजक्या ठिकाणांपैकी एक होते. इमारत गेली, नाचणाऱ्या जोड्यांची ती दाटी मात्र ठिगळांच्या काठात बांधलेली उरली. २००४ साली रिंगोल्डने जॅझवरच गोधड्यांची एक सबंध मालिका सुरू केली. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, ती निवर्तली.

अलाबामा राज्यातील गीज बेंड या नदीच्या वळणावरल्या खेड्यातील स्त्रियांच्या गोधड्याही येथे आठवतात. शेतातील जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत जॅझ दिसला. त्या बायका मात्र शिवताना भक्तिगीते गात असत. समीक्षकांचे म्हणणे खोटे नव्हे. ती गीते आणि जॅझ एकाच आईची लेकरे आहेत.

येथे ख्रिस्तसभेचा प्रश्न येतो, आणि आपल्या वाचकांच्या मनात तो केव्हाच आला असेल. नाचघरातले संगीत आणि गरिबाच्या घरातल्या चिंध्या, यांना वेदीपाशी जागा आहे का? पोप दहावे पायस यांनी १९०३ साली उपासनासंगीताविषयी जे फर्मान काढले, त्यात चर्चमध्ये पियानो आणि ड्रम, झांजा यांसारखी गलबल करणारी वाद्ये वर्ज्य ठरवली होती. त्यामागची काळजी समजण्यासारखी होती. युरोपातील चर्चमध्ये त्या काळी ऑपेराचा थाट शिरला होता. परंतु या नियमाची सावली ज्यांच्यावर पडली, त्यांत रात्री हॉटेलात वाजवून पोट भरणारे आणि रविवारी मिस्सेला जाणारे आपले वादकही होते. आपली विद्या देवाच्या घरातूनच मिळाली आणि तिच्या कमाईला देवाच्या घरी मान नाही, हे शल्य अनेकांनी बाळगले असेल.

या शल्याला उत्तर दिले ते एका पियानोवादिकेने. मेरी लू विल्यम्स (१९१०–१९८१) ही जॅझच्या इतिहासातील पहिल्या प्रतीची कलावंत. १९५४ साली पॅरिसमध्ये असताना तिने वादन सोडले आणि प्रार्थनेला वाहून घेतले. १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये तिने कॅथलिक स्नानसंस्कार घेतला. तिच्याबरोबर डिझी गिलेस्पीची पत्नी लोरेन हिनेही तो घेतला. देवासाठी संगीत सोडावे असे तिला वाटत होते. धर्मगुरूंनीच तिला समजावले की तुझे वाजवणे हीच तुझी प्रार्थना आहे, आणि ती पुन्हा पियानोपाशी बसली. व्यसनात आणि विपन्नावस्थेत अडकलेल्या वादकांसाठी तिने एक संस्था काढली. तिचा खर्च भागवण्यासाठी जुन्या कपड्यांचे दुकान चालवले आणि लोकांनी दिलेली वस्त्रे स्वतः विकायला बसली. १९६२ साली संतपदाला चढवलेल्या मार्टिन डी पोरस यांच्यावर, म्हणजे लिमा शहरातील आफ्रिकी मातेच्या पोटी जन्मलेल्या त्या डोमिनिकन बंधूंवर, तिने जॅझच्या अंगाने स्तोत्र रचले. १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक महामंदिरात तिच्या रचनेतील मिस्सा झाली. वेदीवर खरा मिस्साबळी चालू होता आणि संगीत जॅझचे होते.

वस्त्रांच्या बाजूने हे दार त्याआधीच फ्रान्समध्ये उघडले होते. आँरी मातीस हा चित्रकार १८६९ साली उत्तर फ्रान्समध्ये जन्मला आणि बोआँ या विणकरांच्या गावात वाढला. येवल्याच्या मुलाला जसा मागाचा खटखटाट, तसा तो त्याच्या कानात भिनलेला. आयुष्यभर तो जुन्या कापडांचे तुकडे जमवत राहिला. १९४१ साली कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहून रंगवणे त्याला जड जाऊ लागले. तेव्हा त्याने कागद रंगवून घेतले आणि थेट कात्रीने आकार कापायला सुरुवात केली. शिंप्याचे हत्यार चित्रकाराच्या हाती आले. या कातरकामांचा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे बहुतांशी सर्कशीची आणि दूरच्या प्रवासांच्या आठवणींची, परंतु नाव ‘जॅझ’. कारण ठरलेल्या ठेक्यात आयत्या वेळी घेतलेल्या वळणांची ती रीत त्याला या कामात जाणवली.

आजारपणात त्याची शुश्रूषा केलेली मोनिक बुर्जवा ही तरुणी पुढे डोमिनिकन संघात धर्मभगिनी झाली. सिस्टर जाक-मारी हे तिचे व्रतनाम. वाँस येथील तिच्या मठाला चॅपेल हवे होते. देवावरच्या आपल्या श्रद्धेविषयी कधीच सरळ उत्तर न देणाऱ्या त्या वृद्धाने ते काम अंगावर घेतले. १९५१ च्या जूनमध्ये चॅपेलचे अभिषेचन झाले. पांढऱ्या टाइलांवरची काळ्या रेघांची चित्रे आणि निळ्या-पिवळ्या-हिरव्या काचा यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला महत्त्वाचे वाटतात ते मिस्सेचे झगे. उपासनावर्षाच्या रंगांप्रमाणे मातीसने सहा झग्यांचे नमुने ‘जॅझ’सारखेच कात्रीने कापून केले, आणि मग रेशमावर रेशमाचे तुकडे जोडून ते शिवले गेले. शिवणकामाच्या भाषेत सांगायचे तर ते कापडावर कापड बसवण्याचेच काम. धर्मगुरू वेदीपाशी हात वर उचलतात तेव्हा तो झगा दोन्ही बाजूंनी उलगडतो आणि त्यातील आकार पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सरकू लागतात. व्हॅटिकनच्या संग्रहालयाने या चॅपेलसंबंधीच्या कलाकृतींसाठी २०११ साली स्वतंत्र दालन उघडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरमध्ये उपासनेविषयीच्या घटनेत जे सांगितले, की पवित्र वस्त्रांतही श्रीमंती थाटापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे आणि निरनिराळ्या लोकांच्या संगीतपरंपरांना योग्य मान द्यावा, त्याची ही जणू पूर्वतयारी होती.

परंतु मातीस हा जगप्रसिद्ध माणूस. त्याच्या कात्रीला सन्मान मिळाला यात नवल नाही. नाव नसलेल्या हातांचे काय? त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बेळगावच्या खानापूर तालुक्यापासून उत्तर कन्नडमधील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलांपर्यंत सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले लोक. कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले आणि तेथून ते पळून सह्याद्रीच्या रानात शिरले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि हल्याळ भागात आपले कॅथलिक बांधव मोठ्या संख्येने आहेत. घरातली त्यांची बोली कोंकणीच्या वळणाची, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. ‘दमाम’ नावाचे चामड्याचे वाद्य घेऊन ते अंगणात बसतात. त्याच्या तालावर गाणे होते, नाच होतो. याहून लहान संगीतगृह कोणते असणार?

याच अंगणांत बायका कवंद शिवतात. कवंद म्हणजे त्यांची गोधडी. पण तिची रीत आपल्याहून निराळी आहे. खाली जुन्या साडीचा पाया घेऊन बाई एका कोपऱ्यापासून आरंभ करते आणि कडेकडेने ठिगळे लावीत, फेर धरीत, आत आत मध्याकडे येते. ठिगळे आधी मांडून ठेवलेली नसतात. पुढचे कोणते, हे आधीचे शिवून होताना ठरते. धावदोरा ठिगळांवरूनच फिरत असल्यामुळे सबंध कवंदीवर टाक्यांची वलये उमटतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुले बसवतात. फुलांवाचून कवंद उघडीनागडी, असे त्या मानतात. कॅथलिक घरांतील काही कवंदींवर ठिगळांचा क्रूस असतो. मुसलमान घरांत क्वचित चंद्रकोर. ज्या खंडातून जॅझच्या पूर्वजांना जहाजात कोंबून पश्चिमेला नेले, त्याच खंडातून यांच्या पूर्वजांना पूर्वेला आणले. एकीकडे ट्रम्पेट हाती आली, दुसरीकडे सुई-दोरा. दोघांनीही टाकून दिलेल्यातून वेचले आणि ठेक्याला हुलकावणी देत नवे केले. सिद्दी बायकांनी जॅझ ऐकला असेल असे मी म्हणत नाही, आणि त्यांच्या कवंदींचे मोल ठरवायला जॅझची साक्ष लागते असेही नाही. रीत मात्र तीच आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रेवल यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात या कवंदींचा अभ्यास केला. २००४ च्या सुमारास सिद्दी स्त्रियांची शिवणकामाची सहकारी संस्था उभी राहिली. २०११ साली या कवंदी हार्लेममधील शोमबर्ग केंद्रात प्रदर्शित झाल्या. रिंगोल्डचे हार्लेम, मिंटन्सचे हार्लेम. सॅव्हॉयची फरशी जेथे होती तेथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हल्याळच्या रानातल्या साड्यांचे तुकडे भिंतीवर टांगलेले होते, आणि जॅझवर वाढलेले लोक ते पाहायला येत होते. आपल्याकडे मात्र कवंद हे नाव पुष्कळांनी या लेखातच प्रथम वाचले असेल.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील दुर्कसची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा पेत्राभोवती विधवा रडत उभ्या राहिल्या आणि दुर्कसने आपल्यासाठी शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिचे शब्द कोणी सांगितले नाहीत. वस्त्रे दाखवली.

नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ साली झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मनमाड, इगतपुरी आणि पलीकडच्या भुसावळच्या वसाहतींत आपली कुटुंबे राहत आली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या लोखंडी ट्रंकांत अजून जुन्या गोधड्या असतील. त्यांत आजीचे लुगडे असेल, पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक असेल. एखाद्या घरी गार्डच्या निळ्या कोटाचा तुकडा असेल, किंवा नाचाला घातलेल्या सॅटिनचा. दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत आणि नाताळच्या रंगरंगोटीत सर्वांत आधी बाहेर पडते ती अशी गोधडी, कारण पांघरायला आता विकतचे ब्लँकेट आहे. ती बाहेर काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी बसवावे आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारावे: हे कोणाचे, कोणत्या वर्षीचे, आणि शिवले कोणी? उत्तर मिळेल तेवढे वहीत लिहावे. गोधडीच्या मागच्या बाजूला, काठाच्या आत, शिवणारीचे नाव आणि गाव दोऱ्याने घालावे. कोणाकडे इन्स्टिट्यूटमधील वाद्यवृंदाचे छायाचित्र असेल तर त्याच्या पाठीमागेही वादकांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत; शाई कालांतराने पुढच्या बाजूला उतरते.